दस्तऐवजांचे स्वरूप आणि पेटंटाचा अधिकार : एक ऐतिहासिक परामर्श

इतिहासाच्या अभ्यासकाला दस्तऐवजाची परीक्षा करताना लिपी, भाषा, कागद, शाई, शिक्का व हस्ताक्षर ह्या गोष्टी पाहाव्या लागतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या यादीत आणखी एका गोष्टीची भर पडली. संगणकावर लिहिलेला दस्तऐवज आकड्यांच्या एका लांबलचक रांगेच्या रूपाने साठविला जातो. आणि त्या रांगेतील कोणता भाग अक्षरांचा, कोणता परिच्छेदाचा, कोणता मथळ्याचा, हे ठरविणाऱ्या नियमांच्या संचाला त्या दस्तऐवजाचे स्वरूप, रूढ शब्दात 'फॉरमॅट', असे म्हणतात. हे नियम ठाऊक असल्यावाचून दस्तऐवज वाचता येत नाही. एका अर्थी ही नव्या काळाची लिपीच होय. तथापि जुन्या लिपीत आणि ह्या लिपीत एक महत्त्वाचा भेद आहे. मोडी वाचण्यास अभ्यास लागतो, परवाना लागत नाही. संगणकीय दस्तऐवजाच्या स्वरूपात मात्र पेटंटाने, म्हणजे शासकीय परिभाषेतील 'एकस्वा'ने, संरक्षित अशी एखादी पद्धती गुंतलेली असेल, तर ते स्वरूप वाचणारी आज्ञावली तयार करणे व विकणे हे पेटंटधारकाच्या अनुमतीवर अवलंबून राहते.

ह्या अवलंबित्वातून १९९४ पासूनच्या दोन दशकांत अनेक वाद उत्पन्न झाले. त्यांपैकी तीन प्रकरणांचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे. मोठ्या व लहान उद्योगांतील झगडा, किंवा मुक्त आज्ञावलींचे पुरस्कर्ते व त्यांचे विरोधक ह्यांच्यातील संघर्ष, असे ह्या वादांचे वर्णन बहुधा केले जाते. ते वर्णन खोटे नव्हे. परंतु ते अपुरे आहे. ही प्रकरणे क्रमाने लावून पाहिली असता असे दिसते की, दस्तऐवजाच्या स्वरूपावरील हक्काचा भार केवळ वादातील पक्षकारांवर राहत नाही. ज्याने आपले लेखन त्या स्वरूपात आधीच साठवून ठेवले आहे आणि ज्याचा वादाशी काहीही संबंध नाही, अशा तिऱ्हाइतापर्यंत तो जाऊन पोहोचतो.

१

पहिले प्रकरण संकोचनाच्या एका पद्धतीचे आहे. मजकुरात पुनःपुन्हा येणारे अंश ओळखून त्यांच्या जागी लहान संकेत ठेवण्याची कल्पना अब्राहम लेंपेल व याकोब झिव ह्या दोन इस्रायली शास्त्रज्ञांनी १९७७ व १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांत मांडली. स्पेरी ह्या अमेरिकन कंपनीतील टेरी वेल्च ह्यांनी तीत सुधारणा करून १९८४ च्या जूनमध्ये संगणकशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात लेख लिहिला. तिघांच्या आद्याक्षरांवरून ही पद्धती 'एलझेडडब्ल्यू' ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. लेख सोपा होता, पद्धती उपयुक्त होती आणि ती अल्पावधीत सर्वत्र पसरली. ह्याच पद्धतीवर स्पेरीने २० जून १९८३ रोजी पेटंटासाठी अर्ज केलेला होता, ही गोष्ट वाचकांस त्या लेखावरून कळण्यासारखी नव्हती. १० डिसेंबर १९८५ रोजी ते पेटंट मंजूर झाले. पुढे १९८६ मध्ये स्पेरी व बरोज ह्यांच्या एकत्रीकरणातून युनिसिस ही कंपनी निर्माण झाली आणि पेटंट तिच्याकडे आले.

दरम्यान १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह ह्या कंपनीने चित्रांसाठी 'जिफ' हे स्वरूप प्रसिद्ध केले व त्यात हीच पद्धती योजली. १९८८ मधील 'टिफ' ह्या स्वरूपाच्या पाचव्या आवृत्तीत, तसेच पुढे पोस्टस्क्रिप्टच्या दुसऱ्या पातळीत व पीडीएफमध्येही तिला स्थान मिळाले. चित्रे, छापावयाची पृष्ठे व संपूर्ण दस्तऐवज असा हा विस्तार होता. २८ डिसेंबर १९९४ रोजी, जिफ रूढ होऊन सात वर्षे लोटल्यानंतर, ते स्वरूप हाताळणाऱ्या आज्ञावलींसाठी परवाना घ्यावा लागेल असे जाहीर झाले.

त्यावर उमटलेली प्रतिक्रिया इतिहासदृष्ट्या लक्षणीय आहे. न्यायालयात जाऊन पेटंट रद्द करून घेण्यापेक्षा पर्यायी स्वरूप निर्माण करण्याकडे तज्ज्ञांचा कल झाला. १९९५ च्या जानेवारीत चर्चेला आरंभ झाला आणि १ ऑक्टोबर १९९६ रोजी 'पीएनजी' हे पेटंटमुक्त स्वरूप जागतिक वेब संघाची शिफारस म्हणून मान्य झाले. पीडीएफच्या १९९६ मधील १.२ ह्या आवृत्तीतही संकोचनाची दुसरी, निर्वेध पद्धती समाविष्ट करण्यात आली. अमेरिकेतील पेटंटाची मुदत २० जून २००३ रोजी संपली व इतर प्रमुख देशांतील मुदती २००४ च्या मध्यापर्यंत संपल्या.

परंतु हक्क संपला म्हणून त्याचा परिणाम संपला असे झाले नाही. दस्तऐवजांच्या दीर्घकालीन जतनासाठी पीडीएफचे 'पीडीएफ-ए' हे जे आंतरराष्ट्रीय मानक २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात एलझेडडब्ल्यू पद्धतीने संकोचन करण्यास मनाई होती. मानकाची आखणी झाली त्या काळात पेटंटाची छाया त्यावर होती; मानक प्रसिद्ध झाले तेव्हा पेटंट उरले नव्हते. ज्या पुराभिलेखागारांनी आपले जुने संग्रह ह्या मानकात आणावयाचे ठरविले, त्यांना त्या पद्धतीने साठविलेला प्रत्येक दस्तऐवज उलगडून पुन्हा बांधणे क्रमप्राप्त झाले. ज्यांनी तो मूळचा लिहिला त्यांचा युनिसिसशी कधीही व्यवहार नव्हता.

२

दुसरे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि त्यात हक्क सांगणारा पक्ष सहज दोष द्यावा असा नाही. टोरोंटो येथील 'आयफोरआय' ही एक लहान कंपनी. तिचे मिशेल व्हुल्प व स्टीफन ओवेन्स ह्यांनी २ जून १९९४ रोजी अमेरिकेत एका शोधासाठी अर्ज केला. त्याचे मर्म समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या 'एसजीएमएल' ह्या खूणपद्धतीत, मजकुराच्या आतच खुणा घालून 'हा मथळा', 'हे नाव', 'ही मात्रा' असे भाग दर्शविले जात. मजकूर व खुणा अशा रीतीने एकाच प्रवाहात मिसळलेल्या असल्यामुळे एकात बदल करताना दुसऱ्यास धक्का लागे. व्हुल्प व ओवेन्स ह्यांनी खुणा मजकुरातून बाहेर काढून त्यांचा स्वतंत्र नकाशा ठेवण्याची रीत सुचविली. कोणती खूण मजकुरात कोणत्या स्थानी लागू होते एवढेच त्या नकाशात नमूद असे. त्यामुळे रचनेस हात न लावता मजकूर, अथवा मजकुरास हात न लावता रचना, बदलता येणे शक्य झाले. २८ जुलै १९९८ रोजी हे पेटंट मंजूर झाले. एसजीएमएलचे सुटसुटीत रूप असलेल्या 'एक्सएमएल'ची शिफारस त्याच वर्षी १० फेब्रुवारीस झाली होती.

आयफोरआय ही केवळ कागदावरील हक्कावर जगणारी कंपनी नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या 'वर्ड' ह्या लेखन-आज्ञावलीस जोडून वापरावयाची साधने ती विकत असे. पुढे वर्डच्या २००३ व २००७ ह्या आवृत्त्यांत वापरणाऱ्याने स्वतः ठरविलेल्या एक्सएमएल खुणा हाताळण्याची सोय खुद्द मायक्रोसॉफ्टनेच दिली. ८ मार्च २००७ रोजी आयफोरआयने टेक्सासच्या पूर्व जिल्ह्यातील टायलर येथील न्यायालयात फिर्याद दाखल केली. आयफोरआयचे उत्पादन मायक्रोसॉफ्टच्या काही अधिकाऱ्यांना पूर्वीपासून माहीत होते आणि नव्या वर्डमुळे ते निरुपयोगी ठरेल असे त्यांना वाटत होते, हे दर्शविणारा अंतर्गत पत्रव्यवहार पुराव्यात आला. वादीच्या तज्ज्ञाने दर वापरास ९८ डॉलर व २१ लाख वापर असा हिशेब मांडला. २० मे २००९ रोजी ज्यूरीने २० कोटी डॉलर भरपाई ठरविली. ११ ऑगस्टच्या अंतिम निकालात न्यायाधीश लिओनार्ड डेव्हिस ह्यांनी बुद्धिपुरस्सर उल्लंघनाबद्दल आणखी ४ कोटींची भर घातली. व्याजासह एकूण रक्कम सुमारे २९ कोटींवर गेली. त्याचबरोबर अशा खुणा असलेल्या फाइली उघडू शकणाऱ्या वर्डच्या प्रती अमेरिकेत विकण्यास मनाई करण्यात आली. योगायोग असा की, संपूर्ण लेखन-दस्तऐवज एकाच एक्सएमएल फाइलीत साठविण्याच्या रीतीवर खुद्द मायक्रोसॉफ्टला त्याच्या एकच आठवडा आधी, ४ ऑगस्ट रोजी, एक पेटंट मिळाले होते. एका दालनात प्रतिवादी असलेला पक्ष दुसऱ्या दालनात हक्कदार होता.

अपील न्यायालयाने २२ डिसेंबर २००९ रोजी निकाल कायम केला; मनाईहुकमाची मुदत मात्र वाढवून ११ जानेवारी २०१० ही तारीख ठरविली. त्यापूर्वी विकल्या गेलेल्या प्रती हुकमाच्या कक्षेबाहेर होत्या. मायक्रोसॉफ्टने त्यापुढील प्रतींतून ती सोय काढून टाकली. ह्याचा व्यवहारातील अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. जुन्या प्रतीत तयार केलेली फाइल नव्या प्रतीत उघडे. मजकूर जसाच्या तसा दिसे. परंतु लेखकाने घातलेल्या त्या विशिष्ट खुणा गळून जात. औषधाच्या माहितीपत्रकातील कोणता आकडा मात्रेचा हे ज्या खुणेने सांगितले होते ती खूण जाई, आकडा राही. मजकूर व रचना ह्यांना परस्परांपासून वेगळे करणे हा ह्या पेटंटाचा विषय होता. त्याच्या अंमलबजावणीने वापरणाऱ्याच्या हाती त्यांची ताटातूट होऊन रचना नाहीशी झाली. दोन उद्योगांतील हिशेब भरपाईच्या रकमेने मिटण्यासारखा होता. ज्याच्या संग्रहातील खुणा गेल्या, त्याच्यासाठी त्या निकालपत्रात कोणतीही तरतूद नव्हती, आणि तो पक्षकार नसल्यामुळे असणे शक्यही नव्हते.

३

मायक्रोसॉफ्टने सर्वोच्च न्यायालयाकडे नेलेला मुद्दा पुराव्याचा होता, आणि तो इतिहासाच्या विद्यार्थ्यास विशेष बोधप्रद वाटावा असा आहे. अर्जाच्या तारखेपूर्वी एक वर्षाहून अधिक काळ आधी शोध अमेरिकेत विक्रीस आलेला असेल तर त्यावरील पेटंट अमेरिकन कायद्यानुसार टिकत नाही. आयफोरआयने 'एस-फोर' नावाची एक आज्ञावली त्या मुदतीपूर्वी विकली होती, हे उभयपक्षी मान्य होते. वाद होता तो तीत हा शोध अंतर्भूत होता की नाही ह्याविषयी. त्या आज्ञावलीचा मूळ पाठ खटला उभा राहण्याच्या कित्येक वर्षे आधीच नष्ट झाला होता. शोधकर्त्यांनी साक्ष दिली की तीत तो शोध नव्हता. ज्या खटल्याचा विषयच दस्तऐवजाची रचना हा होता, त्यातील निर्णायक दस्तऐवज अशा रीतीने अस्तित्वात नव्हता, आणि निर्णय साक्षीवर व पुराव्याच्या भाराच्या नियमावर येऊन ठेपला.

पेटंट कार्यालयाने जो पुरावा पूर्वी तपासलाच नव्हता, त्याच्या बाबतीत तरी पेटंट अवैध असल्याचे केवळ पुराव्याच्या अधिक्याने सिद्ध करता यावे, असा मायक्रोसॉफ्टचा युक्तिवाद होता. ९ जून २०११ रोजी आठ न्यायाधीशांनी एकमताने तो फेटाळला. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स ह्यांनी प्रकरणात भाग घेतला नाही. न्या. सोनिया सोटोमायोर ह्यांनी लिहिलेल्या निकालपत्रातील विवेचन मुख्यतः ऐतिहासिक आहे. १९५२ च्या पेटंट कायद्याने 'पेटंट वैध मानले जाईल' असे म्हटले तेव्हा त्या शब्दांस एक ठरलेला अर्थ प्राप्त झालेला होता; न्या. कार्डोझो ह्यांनी १९३४ मधील रेडिओविषयक खटल्यात तो नमूद केला होता. म्हणून अवैधता स्पष्ट व खात्रीलायक पुराव्यानेच सिद्ध झाली पाहिजे. नव्याने पुढे आलेल्या पुराव्यास अधिक वजन देता येईल एवढी सूट न्यायालयाने मान्य केली, न्या. ब्रेयर ह्यांनी स्वतंत्र मतपत्रात हा कठोर निकष वस्तुस्थितीच्या प्रश्नांनाच लागू होतो, कायद्याच्या प्रश्नांना नव्हे, असे स्पष्ट केले.

निर्णय कायद्याच्या दृष्टीने सुसंगत होता. त्याचा आनुषंगिक परिणाम मात्र दस्तऐवजांच्या क्षेत्रात जाणवण्यासारखा होता. आज्ञावलींचा पूर्वेतिहास बहुतांशी छापील ग्रंथांत सापडत नाही. तो मूळ पाठांत, जुन्या प्रतींत व कारागिरांच्या स्मरणात असतो आणि लवकर नष्ट होतो. ज्या क्षेत्रात जुना पुरावा सर्वांत कमी टिकतो, त्याच क्षेत्रात तो सर्वांत भक्कम असावा अशी अपेक्षा ह्यामुळे कायम राहिली.

४

तिसरे प्रकरण न्यायालयातील नव्हे, मानकसंस्थांतील आहे. लेखन-दस्तऐवजांसाठी 'ओडीएफ' हे खुले स्वरूप मे २००५ मध्ये 'ओएसिस' ह्या संस्थेने मान्य केले व २००६ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने सप्टेंबर २००५ मध्ये शासकीय दस्तऐवजांसाठी त्याचा स्वीकार केल्याने वादाला तोंड फुटले. मायक्रोसॉफ्टने आपले 'ऑफिस ओपन एक्सएमएल' हे स्वरूप 'एक्मा' ह्या संस्थेमार्फत डिसेंबर २००६ मध्ये मानक करून घेतले व ते सुमारे सहा हजार पृष्ठांचे संहितापत्र आंतरराष्ट्रीय मानकसंघटनेकडे पाठविले. सप्टेंबर २००७ च्या मतदानात ३२ प्रमुख सदस्यांपैकी १७ अनुकूल होते; आवश्यक दोन-तृतीयांश बहुमत मिळाले नाही. फेब्रुवारी २००८ मधील जिनीव्हा येथील बैठकीनंतर हीच संख्या २४ झाली आणि मानक मंजूर झाले. ब्राझील, भारत, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला ह्यांनी त्याविरुद्ध केलेली अपिले ऑगस्ट २००८ मध्ये फेटाळली गेली.

ह्या संपूर्ण काळात पेटंटांचा प्रश्न अभिवचनांच्या मार्गाने सोडविण्याचा प्रयत्न झाला. सन कंपनीने २००५ मध्ये ओडीएफसंबंधी, तर मायक्रोसॉफ्टने २००६ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या अनेक संहितांसंबंधी, ठरावीक अटींवर आपली पेटंटे कोणाविरुद्ध वापरणार नाही असे जाहीर केले. पेटंटधारकाने स्वतः होऊन दिलेले असे वचन ही दस्तऐवजांच्या इतिहासातील नवी गोष्ट होती, आणि तिचे मूल्य कमी लेखता येणार नाही. जिफच्या बाबतीत हक्क उशिरा उघड झाला होता. येथे तो प्रारंभीच बांधून घेण्यात आला.

तरीही अशा वचनाची मर्यादा दुसऱ्याच वर्षी स्पष्ट झाली. वचन देणारा आपल्याच पेटंटांविषयी वचन देऊ शकतो. मानकसंस्थाही आपल्याकडे आलेल्या घोषणा नोंदवून ठेवतात. कोणाचा हक्क कोठे आहे ह्याचा शोध घेण्याचे दायित्व त्या पत्करीत नाहीत. नोव्हेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑफिस ओपन एक्सएमएलच्या मानकात वापरणाऱ्याने ठरविलेल्या एक्सएमएल खुणांची तरतूद होती. आणि २००९ च्या मे महिन्यात त्याच खुणा हाताळण्याची वर्डमधील रीत तिसऱ्याच कंपनीच्या पेटंटाचे उल्लंघन करणारी ठरली. उल्लंघन विशिष्ट आज्ञावलीने केले होते, मानकाने नव्हे, हा भेद कायद्याच्या दृष्टीने खरा आहे. परंतु मेजाभोवती बसलेल्या सर्वांनी वचन दिले तरी मेजापासून दूर असलेल्याचा हक्क शिल्लक राहतो, हे त्यातून निःसंशय सिद्ध झाले.

५

भारताने ह्या प्रश्नाकडे दोन टोकांकडून पाहिल्याचे दिसते. १९७० च्या पेटंट कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने घातलेले व मे २००३ पासून अमलात आलेले कलम ३(क) हे गणिती पद्धती, गणनविधी व 'केवळ संगणक-आज्ञावली' ह्यांना पेटंटयोग्य शोधांतून वगळते. इंग्रजी पाठात हे उपकलम 'के' ह्या अक्षराने दर्शविले जाते. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने उद्योगातील तांत्रिक उपयोगासाठी व यंत्रसामग्रीशी जोडलेल्या आज्ञावलींसाठी ही बंदी शिथिल केली होती. २००५ मध्ये संसदेने कायदा करताना ती शिथिलता गाळली. त्याच वर्षी ६ जुलै रोजी युरोपीय संसदेने ह्याच विषयावरील निर्देशाचा मसुदा १४ विरुद्ध ६४८ मतांनी फेटाळला, ही समकालीन घटना तुलनेसाठी ध्यानात घेण्यासारखी आहे. हा झाला मुळाशी उपाय. दुसरा उपाय वापराच्या टोकाला आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-शासनासाठी खुल्या मानकांचे जे धोरण जाहीर केले, त्यात शासकीय वापरासाठी निवडलेल्या मानकास आवश्यक असलेली पेटंटे त्या मानकाच्या संपूर्ण आयुष्यभर स्वामित्वशुल्काविना उपलब्ध असावीत, असे तत्त्व घालून देण्यात आले.

'मानकाच्या संपूर्ण आयुष्यभर' हे शब्द वरील तीन प्रकरणांच्या संदर्भात वाचले म्हणजे त्यांचे महत्त्व कळते. पेटंटाचे आयुष्य सुमारे वीस वर्षांचे. एलझेडडब्ल्यूचे २००३ मध्ये संपले, आयफोरआयचे पेटंटही २०१५ नंतर उरले नाही. जमिनीच्या नोंदी, न्यायालयीन निवाडे व जन्ममृत्यूची नोंदपुस्तके ह्यांचे आयुष्य ह्याहून कितीतरी मोठे असते, आणि ती लिहिणारा कारकून वा ती मागणारा नागरिक कोणत्याही परवान्याच्या करारावर सही करीत नाही. हक्क सांगणारा युनिसिससारखा वारसाहक्काने आलेला असो, आयफोरआयसारखा खरा शोधक असो, की स्वतःच वचन देणारा मोठा उद्योग असो, त्याच्या हेतूमुळे ह्या नागरिकाच्या स्थितीत फरक पडला नाही. फरक पडला तो स्वरूपाची निवड करताना कोणी आधी चौकशी केली होती की नाही, ह्यामुळे.

ह्या निष्कर्षातून अभ्यासकांसाठी एक व्यावहारिक सूचनाही निघते. पुराभिलेखांच्या सूचीत कागदाचा प्रकार व लिपी ज्याप्रमाणे नोंदविली जाते, त्याप्रमाणे संगणकीय दस्तऐवजाचे स्वरूप, त्याची आवृत्ती, तो ज्या आज्ञावलीच्या ज्या प्रतीने तयार झाला ती प्रत आणि त्या स्वरूपाशी निगडित असलेले हक्क ह्यांची नोंद ठेवली पाहिजे. २०१० च्या जानेवारीपूर्वीच्या व नंतरच्या वर्डने उघडून पुन्हा जतन केलेल्या दोन फाइली डोळ्यांना सारख्याच दिसतील. त्यांपैकी एकीतून काय गळून गेले हे समजण्यास अशा नोंदीखेरीज दुसरे साधन भावी संशोधकापाशी असणार नाही.